चुकलेली माणसं

बँकेत उभं आयुष्य काढलेल्या माणसाला एक खोड लागते. कुणाचंही पासबुक हातात आलं की तो नुसते आकडे वाचत नाही, आकड्यांमागचं घर वाचतो. वैशाखात एकदम मोठी रक्कम निघाली, म्हणजे मुलीचं लग्न. जूनच्या पहिल्या आठवड्यात खातं कोरडं, म्हणजे बियाणं आणि पोरांची वह्या-पुस्तकं. वर्षानुवर्षं काहीच हालचाल नाही, म्हणजे माणूस एक तर सुखात आहे किंवा नाहीच.

मुरबाडच्या एका शाखेत मी १९९१ ते १९९४ अधिकारी होतो. तिथलं एक पासबुक मला अजून पानासकट आठवतं. टोकावड्याच्या बाजूच्या एका वाडीतल्या विधवा बाईंचं ते होतं. नवरा मुंबईत गिरणीत होता. १९८२ च्या संपानंतर गावी परतला आणि चार-पाच वर्षांत गेला. त्याच्या फंडाचे पैसे मुदतठेवीत होते, त्याचं व्याज बचत खात्यात पडायचं आणि बाई दर महिन्याला एका ठराविक सोमवारी साठ-सत्तर रुपये काढायच्या. तारीख बदले, पण वार बदलत नसे. कॅशियर गमतीनं म्हणायचा, ‘मावशींचा पगार झाला.’

एकदा मी सहज विचारलं, ‘मावशी, दर महिन्याला बाजार का?’

त्या म्हणाल्या, ‘बाजार कसला साहेब, उद्या ठाण्याला जायचंय. पोराच्या गोळ्या आणाया.’

आपल्याकडे ‘ठाण्याला’ या शब्दाला एक छुपा अर्थ आहे. ‘याला ठाण्याला पाठवा’ असं म्हटलं की मुंबई-कल्याणकडची माणसं हसतात. पुण्याकडे त्याच जागी ‘येरवडा’ येतं. आमच्या कॅशियरचं हसू मात्र त्या दिवशी गेलं ते पुन्हा त्या विषयावर आलं नाही.

मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा. बारावी झालेला, हिशेबाला पक्का, कल्याणला एका कारखान्यात लागलेला. वर्षभरात तो घरी आला तो बदलूनच. भिंतीकडे तोंड करून बोलायचा, रेडिओवर आपलंच नाव घेतात म्हणायचा, रात्र रात्र अंगणात उभा राहायचा. आधी भगत झाले, म्हसोबाला नवस झाला. मी त्यांना हसणार नाही. घराजवळ जो भेटतो त्याच्याकडेच माणूस आधी जातो, आणि भगत चालत जाण्याच्या अंतरावर होता. मग मुरबाडच्या एका डॉक्टरांनी ठाण्याचा रस्ता दाखवला. गोळ्या सुरू झाल्या आणि तीन-चार महिन्यांत तो मुलगा आईबरोबर स्वतः बँकेत आला. खातं दोघांच्या नावानं होतं. त्यानं स्लिप भरली, सही केली. नमुना सहीशी ती तंतोतंत जुळली. एका गोळीनं काय होतं, याचा तेवढा पुरावा मला पुरेसा होता.

आता त्या गोळीपर्यंतचा रस्ता पाहा. वाडीतून पहाटे पायी निघायचं, मुरबाडपर्यंत एसटी, मुरबाडहून कल्याणची एसटी, तिथून लोकलनं ठाणं. परत येईपर्यंत दिवेलागण. दोघांचं भाडं आणि दोघांची बुडालेली मजुरी. गोळी फुकट होती, पण गोळीपर्यंत जाणं फुकट नव्हतं.

१९९३ च्या पावसाळ्यात त्यांचा मंगळवार लावणीत सापडला. ज्यांनी भातलावणी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. आवणात रोपं उभी असताना आणि पाऊस लागून राहिला असताना घरातली दोन माणसं दिवसभर बाहेर जाऊ शकत नाहीत. बाईंनी ठरवलं, पुढच्या मंगळवारी जाऊ. पुढच्या मंगळवारी ओढ्याला पाणी होतं. तिसऱ्या आठवड्यात मुलगाच म्हणाला, ‘मी बरा आहे, आता कशाला?’ आणि तो खरोखर बरा दिसत होता. गणपतीच्या आधी त्याला पुन्हा आवाज ऐकू येऊ लागले. एका सकाळी तो कल्याणच्या गाडीत बसला. गावच्या एका पोरानं त्याला कल्याण स्टेशनच्या पुलावर पाहिलं. त्यानंतर कुणीही पाहिलं नाही.

मी चक्रावलो ते पुढे. मुलगा गेल्यानंतरही पासबुकातले सोमवार चालूच राहिले. तेच साठ-सत्तर रुपये. आई आता ठाण्याला नव्हे, कल्याण, दादर, व्हीटीच्या फलाटांवर जात होती. पासबुकात दोन्ही नोंदी सारख्याच दिसतात.

* * *

मुंबईत फुटपाथवर, उड्डाणपुलाखाली, फलाटाच्या टोकाला, जटा झालेले केस आणि अंगावर पोत्याचा तुकडा अशा स्थितीत बसलेला माणूस आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. आपण त्याला वळसा घालून जातो. मनात कधी कणव येते, कधी भीती, आणि दोन्ही पुढच्या स्टेशनपर्यंत विरून जातात. हा शहराचा प्रश्न आहे, महापालिकेनं आणि पोलिसांनी काहीतरी करायला हवं, असं आपण म्हणतो. माझं म्हणणं एवढंच आहे की तो माणूस शहरात दिसतो, पण तो बेघर होतो ते शहरात नव्हे. तो बेघर होतो एखाद्या तालुक्याच्या गावी, ज्या दिवशी त्याची गोळी चुकते त्या दिवशी. बाकीचा सगळा प्रवास आहे.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो. फुटपाथवर राहणारा प्रत्येक जण मनोरुग्ण नसतो. २०११ च्या जनगणनेनं देशात सुमारे १७ लाख ७० हजार बेघर मोजले. त्यांतले पुष्कळ जण राबून खाणारे आहेत, त्यांना परवडेल असं छप्पर नाही एवढंच. शिवाय रस्ताही माणसाला आजारी करतो. रोज उठवलं जाणं, मार, उपास, चोरी यांत शहाण्याचं मनही टिकत नाही. पण जे आजारामुळे घरापासून तुटले, त्यांची गोष्ट वेगळी आहे आणि तिला औषधापासूनच सुरुवात करावी लागते.

अमेरिकेत हा प्रश्न उलट्या दिशेनं आला. १९५५ मध्ये तिथल्या राज्य मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांवर माणसं होती. नवी औषधं आली, कोंडून ठेवण्याच्या अमानुषतेविरुद्ध आवाज उठला आणि १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडी यांनी वस्तीवस्तीत मानसिक आरोग्य केंद्रं उभारण्याच्या कायद्यावर सही केली. रुग्णालयं रिकामी झाली, पण ठरली होती तितकी केंद्रं कधीच झाली नाहीत. बाहेर आलेल्यांपैकी अनेकांच्या वाट्याला तुरुंग आणि फुटपाथ आला. म्हणजे तिथं दवाखान्याचं दार उघडलं आणि पलीकडे घर नव्हतं.

आपल्याकडे दवाखानाच कधी एवढा मोठा नव्हता. महाराष्ट्रासारख्या राज्याचा भार वर्षानुवर्षं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या चार सरकारी मनोरुग्णालयांवर राहिला. ठाण्याचं रुग्णालय १९०१ चं. त्याच्या साडेअठराशे खाटा ऐकायला खूप वाटतात; ते ज्यांच्यासाठी आहे ते जिल्हे डोळ्यांपुढे आणले की कमी वाटू लागतात. आपलं खरं मनोरुग्णालय म्हणजे घर. तिथली परिचारिका आई, वॉर्डबॉय भाऊ. पगार नाही, रजा नाही, बदली नाही. हे रुग्णालय चालतं तोवर सरकारला दिसतच नाही. ते बंद पडतं तेव्हा त्याचा रुग्ण थेट रस्त्यावर येतो.

ही गोष्ट धोरण आखणाऱ्यांना ठाऊक नव्हती असंही नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आला. मानसिक आजाराचे उपचार प्राथमिक आरोग्यसेवेत मिसळावेत, ते गावापर्यंत जावेत, हाच त्याचा गाभा होता. कर्नाटकात बेल्लारी जिल्ह्यात तसा प्रयोग करूनही दाखवला गेला. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम म्हणून तो प्रत्यक्ष सुरू झाला १९९६ मध्ये, तोही देशातल्या चार जिल्ह्यांत. मधली चौदा वर्षं फायलीत गेली. आमच्या मावशींचा मंगळवार त्या चौदा वर्षांत पडला. कायद्याचंही तसंच. १९१२ चा इंग्रजांचा ‘लुनसी ॲक्ट’ जाऊन १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा झाला आणि तो अमलात आला १ एप्रिल १९९३ ला, म्हणजे मुलगा गेला त्याच वर्षी. त्या कायद्याचा बराचसा भाग रुग्णाला दाखल कसं करायचं, सोडायचं कसं आणि त्याच्या मालमत्तेचं काय, याविषयी होता. लावणीच्या दिवसांत टोकावड्याला गोळी कशी पोचवायची, याविषयी त्यात काही नव्हतं.

मग तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे आग लागली. दर्ग्याजवळच्या खासगी आश्रमात माणसं साखळदंडांनी बांधलेली होती, त्यांना पळता आलं नाही. पंचवीसहून अधिक जण जळून गेले. ती माणसं तिथं कुणी नेली होती? घरच्यांनीच. दुष्टपणानं नव्हे. जवळ उपचार नव्हते, आशा मात्र होती, म्हणून.

* * *

मुरबाडनंतर काही वर्षं मी शहापूरला होतो. शहापूर तालुका मुंबईला पाणी पाजतो. तानसा, वैतरणा, भातसा, सगळं इथलं. आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकर येतो, हे आता सांगून सांगून गुळगुळीत झालं आहे. पण पाण्याबरोबर माणसंही याच उतारानं मुंबईकडे जातात, आणि काही उलट्या दिशेनं वरही येतात. कसाऱ्याची रात्रीची शेवटची लोकल जिथं थांबते तिथून पुढे लोकल नाही. गाडीत नुसता बसून राहिलेला माणूस तिथं उतरवला जातो. मग तो आसनगावकडे, खर्डीकडे नाशिक महामार्गाच्या कडेनं चालू लागतो. ढाबेवाले त्याला भाकरी देतात. त्यांच्याकडून मी ऐकलेलं वाक्य असं, ‘साहेब, हे आपल्याकडचे नाहीत, याची भाषाच कळत नाही.’ मला वाटायचं, मुरबाडच्या त्या पोराविषयीही कुठल्या तरी परमुलखातला ढाबेवाला हेच म्हणत असेल.

तालुक्यातलीच आणखी एक गोष्ट. शहापूर-मुरबाडची कितीतरी कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्यातल्या एखाद्याला हा आजार झाला तर त्याचा केसपेपर एका गावात आणि माणूस सहा महिने दुसऱ्या गावात. अशा माणसाची गोळी चुकते तेव्हा ती चुकल्याचं कळणारंही कुणी नसतं.

अशी हरवलेली माणसं बरी होतात का? होतात, आणि त्याचा दाखला मुरबाडच्या शिवेला लागूनच आहे. कर्जतला डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांच्या ‘श्रद्धा’ संस्थेचं केंद्र २००६ पासून चालतं. या मानसोपचारतज्ज्ञ जोडप्याची सुरुवात १९८८ ची. मुंबईत एक कृश तरुण नारळाच्या करवंटीनं गटारातलं पाणी पिताना त्यांनी पाहिला. त्याला दवाखान्यात नेलं, उपचार केले. बरा झाल्यावर कळलं की तो आंध्रचा, वैद्यकीय प्रयोगशाळेच्या कामातला पदवीधर आहे. त्याचं घर होतं, वडील होते, ते वाट पाहत होते. तिथून हे काम वाढलं. रस्त्यावरून माणूस आणायचा, त्याला अंघोळ, अन्न, औषध द्यायचं, आणि तो आपल्या गावाचं नाव सांगू लागला की त्याला घेऊन त्याच्या गावी जायचं. २०१८ मध्ये डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तोवर अशी सात हजारांहून अधिक माणसं घरी पोचवली गेली होती. माळशेज चढून पलीकडे गेलं की अहिल्यानगरजवळ शिंगव्याला डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे हे दांपत्य रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्ण स्त्रियांना ‘माउली’ या आपल्या घरात सांभाळतं. या स्त्रियांच्या वाट्याला रस्त्यावर काय काय आलेलं असतं, ते रविवारच्या पानावर लिहिण्याजोगं नाही.

मी या कामांपुढे नम्र आहे. पण माझ्यातला बँकवाला गप्प बसत नाही. बुडालेली कर्जं वसूल करणारा अधिकारी कितीही चांगला असला तरी बँक त्याच्या जिवावर चालत नाही. कर्ज बुडतं ते एका दिवसात नव्हे. आधी एक हप्ता चुकतो. त्या आठवड्यात तुम्ही घरी गेलात, बैल मेला की पोरगं आजारी पडलं हे विचारलंत, तर खातं वाचतं. तीन वर्षांनी जप्तीची नोटीस घेऊन गेलात तर घराला कुलूप असतं. या आजाराचंही नेमकं हेच आहे. रुग्ण ठरलेल्या दिवशी आला नाही, तर त्या आठवड्यात कुणीतरी त्याच्या दारात जायला हवं. क्षयरोगाच्या बाबतीत आपण हे शिकलो. गोळी चुकवणाऱ्या क्षयरोग्याला शोधायला आरोग्यसेवक जातात, कारण त्याचा खोकला दुसऱ्याला बाधतो. मनाच्या आजाराचा खोकला कुणाला ऐकू जात नाही.

* * *

आता कायदा मात्र या बाजूनं आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ मध्ये अमलात आला आणि माझ्या मते त्याचं अठरावं कलम शहापूर-मुरबाडसाठीच लिहिलेलं आहे. कोणाही मनोरुग्णाला उपचारांसाठी दूरचा प्रवास करावा लागू नये, सेवा त्याच्या राहत्या ठिकाणाजवळ मिळावी, असं ते म्हणतं. आवश्यक औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी ठिकाणी कायम आणि मोफत उपलब्ध असावीत, असंही म्हणतं. आपल्या बोलीत सांगायचं तर तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय. दारिद्र्यरेषेखालच्या आणि बेघर माणसाला उपचार मोफत, मग रेशनकार्ड असो वा नसो.

याच कायद्याचं शंभरावं कलम शहरातल्या वाचकांनी लक्षात ठेवावं असं आहे. भटकणारा, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा मनोरुग्ण हद्दीत आढळला, तर त्याला संरक्षणाखाली घेणं हे पोलीस ठाण्याचं कर्तव्य आहे. त्याला कोठडीत ठेवायचं नाही. चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यायचं. तो बेघर असेल तर हरवलेल्या माणसाची नोंद करून त्याचं घर शोधायचं. म्हणजे ‘याला इथून हटवा’ असा फोन करण्याऐवजी ‘याला दवाखान्यात न्या’ असा फोन करण्याचा आधार आता आपल्याला आहे.

कागद चांगला आहे, पण कागद आणि माणूस यांच्यात अंतर किती असतं हे बँकेत आयुष्य काढलेल्याला सांगावं लागत नाही. २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचत नसल्याचं दिसलं. आणि बरे झालेले? २०२१ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाला आपल्या राज्याला बजावावं लागलं की बऱ्या झालेल्या रुग्णांना मनोरुग्णालयातून भिक्षेकरी गृहात किंवा वृद्धाश्रमात हलवणं हे कायद्याच्या हेतूविरुद्ध आहे. बरा झालेला माणूस आणि भिक्षेकरी गृह! कर्ज फेडलेल्या माणसाचं घर जप्त करण्यासारखंच हे झालं. त्याला जायला जागा नाही हे खरं असेल, पण जागा नसणं हा त्याचा आजार नव्हे. चेन्नईच्या ‘बनियन’ संस्थेनं अशा बऱ्या झालेल्यांना चार-पाच जणांच्या गटानं साध्या वस्तीत भाड्याच्या घरात राहायला देऊन पाहिलं. स्वयंपाक आपला, शेजार आपला, मदतीला एक कार्यकर्ती. ते टिकलं.

म्हणून मला मोठ्या गोष्टी मागायच्या नाहीत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची रचनाच अशी आहे की मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक आणि परिचारिका यांचं पथक जिल्ह्यातून तालुक्याला यावं. ते ठरलेल्या वारी यावं आणि तो वार एसटीच्या वेळापत्रकासारखा प्रत्येक गावाला ठाऊक असावा. तज्ज्ञ आला नाही तरी औषधाची खिडकी उघडी असावी. लावणीच्या आधी दोन महिन्यांची औषधं एकदम मिळावीत. काही रुग्णांना महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन चालतं. ते तालुक्याची परिचारिका देऊ शकते. भट्टीवर जाणाऱ्याचा कागद भट्टीजवळच्या दवाखान्यात चालावा. आणि जो आला नाही, त्याचं नाव त्याच संध्याकाळी त्याच्या गावच्या आशाताईंकडे जावं. यात परदेशातून आणायचं काहीच नाही. खर्च आहे, पण एक माणूस रस्त्यावरून उचलून, बरा करून, हजार किलोमीटरवर त्याच्या घरी पोचवण्याच्या खर्चापुढे तो किती?

आपण घरबसल्या काय करावं, असं कुणी विचारील. आपल्या घरात, नात्यात कुणी या गोळ्या घेत असेल, तर डबी संपायच्या आत विचारावं. ‘बरा दिसतोस, आता कशाला’ असं मात्र कधी म्हणू नये. अडचण आली तर १४४१६ या ‘टेलिमानस’च्या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो, ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. आणि ‘ठाण्याला पाठवा’ हा विनोद आता पुरे झाला. ठाण्याला जाणारी बाई त्या विनोदाच्या वेळी शेजारच्या बाकावर बसलेली असते.

* * *

मावशींचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं.

२००१ मध्ये मी त्याच शाखेत परत गेलो. त्या आल्या, वाकल्या होत्या. बरोबर पुतण्या होता. जमिनीच्या वारसनोंदीत मुलाचं नाव अडत होतं, खात्यावरही होतं. त्यानं मला नियम विचारला. मी तो सांगितला: सात वर्षं ज्याची काहीच खबर नाही, तो मेला असं कायदा गृहीत धरू शकतो. न्यायालयातून तसं ठरवून आणलंत की पुढचे कागद मी करून देईन. मी अगदी बिनचूक माहिती दिली.

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘साहेब, तो मेला नाय. चुकलाय. चुकलेल्याला कागदावर मारू नका.’

पुतण्यानं तो विषय पुन्हा काढला नाही, हे त्याचं मोठेपण. खातं दोघांच्याच नावानं राहिलं. काही वर्षांनी त्या गेल्याचं मला कळलं तेव्हा मी दुसऱ्या जिल्ह्यात होतो.

ते खातं ‘दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो’ अशा पद्धतीचं होतं. म्हणजे आता त्याचा धनी तो मुलगा. दहा वर्षं ज्या ठेवीला कुणी विचारलं नाही ती रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा होते. असे पैसे शोधता यावेत म्हणून रिझर्व्ह बँकेनं २०२३ मध्ये ‘उद्गम’ नावाची सोयही केली आहे. नाव घालावं, कुठल्या बँकेत काय पडून आहे ते दिसतं. आणि निधीत गेले तरी त्या पैशांवरचा हक्क संपत नाही. धनी कधीही आला, ओळख पटली, की बँकेला ते व्याजासकट द्यावे लागतात.

तो आज असलाच तर पंचावन्नच्या पुढे असेल. पुलाखाली बसलेला त्या वयाचा माणूस दिसला की माझी नजर त्याच्या हातांकडे जाते. या हातांनी स्लिप भरली होती का, सही केली होती का? तो तो नसतो, हे मला कळतं. पण कुणाचा तरी ‘तो’ असतोच. त्याच्या नावावर कुठल्या तरी तालुक्यात एखादं खातं, एखादा सातबारा, एखाद्या आईचा सोमवार असतो.

पैसा हरवला तर तो कुणाचा हे विसरायचं नाही, अशी व्यवस्था आपण केली आहे. तेवढीच माणसाचीही करावी, एवढंच.